पशुखाद्यातील जीवनसत्त्वांची राखण



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे त्यांचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहेच. मी मात्र त्यांना वर्गात म्हणत असे त्याप्रमाणे नुसते 'सर' म्हणणार आहे. व्याख्यानाचा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांना तो काहीसा रुक्ष वाटला असावा. हळर्णचा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ साली घेतला आणि त्यावरून त्यांच्या व्हाइसरॉयला 'मार्केझ द आलोर्न' ही पदवी मिळाली, या विषयावर बोलणारे अधिकारी वक्ते पुष्कळ मिळतील. मला बोलता येते ते गुरांच्या आंबोणाविषयी. तेच आज बोलणार आहे, आणि त्याचे मूळ सरांच्या एका तासात आहे.

आठवीच्या वर्गात सरांनी तीन परीक्षानळ्या मांडल्या. तिन्हींत लोखंडी खिळे. पहिलीत साधे पाणी. दुसरीत उकळून गार केलेले पाणी आणि त्यावर खोबरेल तेलाचा थर. तिसरीत पाणी मुळीच नाही, फक्त हवा कोरडी राहावी म्हणून कॅल्शियम क्लोराइडचे खडे आणि तोंडाला घट्ट बूच. चार दिवसांनी पहिल्या नळीतील खिळे तांबूस झाले. बाकी दोन्हींतील जसेच्या तसे राहिले. गंज चढायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात, एवढे आम्हांस समजले. तेव्हा मागच्या बाकावरून कोणी तरी विचारले, "सर, तेलाला गंज चढत नाही का?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. चढतो, म्हणाले, आपण त्याला खवट होणे म्हणतो.

पुढे मी रसायनशास्त्र घेतले आणि उमेदीची सारी वर्षे पशुखाद्याच्या कारखान्यांत काढली. मागे वळून पाहता, माझे सारे काम म्हणजे त्या एका उत्तराचे विवरण होते असे वाटते.

प्रथम आपल्या गोठ्यापासूनच सुरुवात करू. पावसाळ्यात आपल्या डोंगरउतारांवर हिरवा चारा मुबलक असतो. गाय त्यातील कॅरोटीनपासून आपल्या शरीरात अ जीवनसत्त्व तयार करते आणि गरजेहून अधिक झालेले यकृतात साठवते. (गाय काही कॅरोटीन तसेच दुधात सोडते, म्हणून तिचे तूप पिवळे, म्हैस जवळजवळ सगळ्याचे रूपांतर करते, म्हणून तिचे पांढरे. म्हशीचे तूप पांढरे म्हणून निःसत्त्व, हा समज खरा नव्हे.) फेब्रुवारीपासून मात्र गुरांच्या पुढ्यात भाताचा पेंढा आणि डोंगरावरचे सुके गवत, म्हणजे आपले करड, एवढेच उरते. गवत हिरव्याचे पिवळे व पिवळ्याचे करडे होताना आपण दर वर्षी पाहतो. तो रंग जातो तेव्हा हरितद्रव्याबरोबर कॅरोटीनही जात असते. उन्हात, हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होते. मग गाय यकृतातील साठ्यावर दिवस काढते. तो सरत आला की संध्याकाळी गोठ्याकडे परतणारे जनावर दगडाला ठेचाळू लागते. गाभण असेल तर गर्भ गळतो, किंवा वासरू आंधळे, अशक्त वा मेलेलेच जन्मते. गायीची वार अडकते. गोठ्यात अशी घटना घडली की आपण दृष्ट काढतो, राखणदाराला गाऱ्हाणे घालतो. त्याला माझी हरकत नाही. पण मार्च ते मे गायीच्या पोटात हिरवे पान गेले होते का, हा प्रश्नही त्या वेळी विचारावा, एवढेच म्हणणे आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठीच तयार खाद्यात अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे घालतात. ही चारही तेलात विरघळतात, म्हणून त्यांना मेदविद्राव्य म्हणतात. तेल ज्या कारणाने खवट होते त्याच कारणाने यांतील काही नासतात. अ सर्वांत नाजूक.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना फार लवकर कळली. १९१३ साली अमेरिकेत मॅकॉलम व डेव्हिस यांनी लोण्यात आणि अंड्याच्या मेदात उंदरांची वाढ करणारा एक घटक असल्याचे दाखवले. त्याच वर्षी ऑस्बोर्न व मेंडेल यांनाही तेच आढळले. १९२० साली हॉपकिन्स यांनी लोण्याचा मेद तापवून पाहिला. हवा न लागू देता तापवला तर त्यातील गुण बराचसा टिकला. तापवताना त्यातून हवा खेळवली तर तो नाहीसा झाला. म्हणजे मुख्य दोष उष्णतेचा नव्हता, उष्णतेच्या साथीने आलेल्या हवेचा होता. दोन वर्षांनी मॅकॉलम यांनी याच विध्वंसाचा मोठ्या चातुर्याने उपयोग करून घेतला. त्यांनी कॉड माशाच्या यकृताच्या गरम तेलातून ऑक्सिजन सोडला. त्या तेलाने डोळ्यांचा विकार बरा होईना, पण मुडदूस मात्र पूर्वीसारखाच बरा होई. यावरून तेलात दोन वेगळी द्रव्ये असल्याचे सिद्ध झाले, आणि त्यांपैकी टिकून राहिलेल्या दुसऱ्याला पुढे ड जीवनसत्त्व हे नाव मिळाले. उन्हात वाळणाऱ्या गवतातही असेच काहीसे घडते. जे ऊन त्यातील कॅरोटीन नेते तेच ऊन त्यात थोडे ड जीवनसत्त्व निर्माण करते.

अ जीवनसत्त्व इतके नाजूक का? त्याच्या रेणूत कार्बनची एक लांब साखळी असते आणि रेणूत एकाआड एक असे पाच द्विबंध असतात. ऑक्सिजनला शिरकाव मिळतो तो या द्विबंधांच्या शेजारी. तेथून एखादा हायड्रोजनचा अणू निसटला की मागे राहिलेला भाग 'मुक्त मूलक' बनतो. तो ऑक्सिजनशी जोडला जाऊन शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो, तो शेजारी पुढच्याचा, आणि असे चालू राहते. उन्हाळ्यात आपल्या डोंगरांवर वणवा लागतो तो असाच पुढे सरकतो. ठिणगी एकच असते. तांबे आणि लोह या ठिणग्या वाढवतात. प्रकाश वाढवतो, उष्णता वाढवते. ओलावा या सर्वांना एकत्र आणतो, कारण कोरड्या स्थितीत तांब्याचा कण आणि जीवनसत्त्वाचा कण शेजारी असूनही आपापल्या जागी राहतात, पण पाण्याचा पातळ थर मिळाला की त्यांची गाठ पडते. पेडण्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

आणि नासणारे द्रव्य किती थोडे असते तेही पाहा. समजा, एक किलो खाद्यात अ जीवनसत्त्वाची ७००० आंतरराष्ट्रीय एकके घातली. एक एकक म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम रेटिनॉल. तेव्हा किलोमागे २.१ मिलिग्रॅम, आणि पन्नास किलोच्या पोत्यात सारे मिळून १०५ मिलिग्रॅम. चिमूटभर मिठाहून कमी, आणि तेही पोतेभर पसरलेले. ते गेले तर पोत्याचे वजन घटत नाही, रंग बदलत नाही, वासही बदलेलच असे नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. हे मी यापूर्वी चारचौघांत कधी सांगितले नव्हते. पण सरांच्या नावाच्या व्याख्यानात ते लपवणे मला जमणार नाही.

नोकरीच्या आरंभीच्या काळात घाटावरच्या एका लहान कारखान्यात कोंबड्यांच्या खाद्यासाठी लागणारे पूर्वमिश्रण तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. पूर्वमिश्रण म्हणजे जीवनसत्त्वे व सूक्ष्म खनिजे एकत्र करून ठेवलेली पूड; ती नंतर टनभर खाद्यात किलो-दोन किलो मिसळतात. खर्च कमी करण्याचा उत्साह मला फार. बंदिस्त मण्यांच्या रूपातील जीवनसत्त्व महाग होते, म्हणून मी तेलातील जीवनसत्त्व कोंड्यावर जिरवलेली स्वस्त पूड घेतली. त्यात मोरचूद, लोहाचे सल्फेट आणि कोलिन क्लोराइड एकत्र कालवले. कोलिन क्लोराइड हवेतील पाणी असे ओढते, की पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या मिठाची आठवण व्हावी. प्रतिऑक्सिडीकारक मी वगळला. माझा हिशोब असा, की मिश्रणात ई जीवनसत्त्व आहेच, ते स्वतःच प्रतिऑक्सिडीकारक आहे, मग दुसऱ्यावर पैसा का घालवा? जूनमध्ये केलेले ते मिश्रण ऑगस्टपर्यंत पुरले.

ऑगस्टअखेर एका कुक्कुटपालकाचा निरोप आला. पिल्ले चार-पाच आठवड्यांची झाली होती, पण वाढ नाही, पिसे विस्कटलेली, चाल लटपटती, पापण्या चिकटलेल्या. मी त्याला रोग शोधायला सांगितले. आठ दिवस तो रोगच शोधत राहिला, लसींचा आणि औषधांचा खर्च करत राहिला. पशुवैद्यांनी मेलेली पिल्ले उघडून पाहिली. मूत्रपिंडे फिकट व सुजलेली, त्यांत युरेटचे पांढरे साठे. ते मला म्हणाले, खाद्य तपासा.

तपासणीची त्या काळची रीत कार आणि प्राइस यांची. १९२६ सालापासून ती चालत आलेली. नमुन्यातील अ जीवनसत्त्व क्लोरोफॉर्ममध्ये उतरवून त्यात अँटिमनी ट्रायक्लोराइड घातले की सुंदर निळा रंग येतो, आणि काही क्षणांत उडून जातो. रंग जितका गडद तितके जीवनसत्त्व अधिक. जूनमध्ये त्याच पुडीचा गडद निळा मी पाहिला होता. आता नळीत जे दिसले ते धुतलेल्या निळीच्या फडक्यासारखे. पिशवीवरच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात जूनचा आकडा होता. तो खोटा नव्हता. तो जूनचा होता, इतकेच.

त्या गृहस्थाने कर्ज काढून शेड उभारली होती. मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला खरे सांगितले. कारखान्याने भरपाई दिली, पण ते आठ दिवस माझ्या खात्यावर आहेत.

ई जीवनसत्त्वाविषयीचा माझा हिशोब कोठे चुकला ते सांगणे आवश्यक आहे, कारण तोच गैरसमज अजूनही खाद्यविक्रेत्यांच्या तोंडून ऐकू येतो. ई जीवनसत्त्व, म्हणजे टोकोफेरॉल, मुक्त असेल तर आपला हायड्रोजन मूलकाला देऊन साखळी तोडते. वणव्याच्या वाटेत आखलेल्या जाळरेषेचे काम ते करते. पण असे करताना ते स्वतः खर्ची पडते. म्हणून खाद्यासाठी ते ॲसिटेटच्या रूपात देतात. तेथे त्याचा जो हात हायड्रोजन देणार तोच बांधलेला असतो. त्यामुळे ते पोत्यात उत्तम टिकते, परंतु पोत्यातील दुसऱ्या कोणाचेही रक्षण करू शकत नाही. जनावराच्या आतड्यात विकर तो बंध सोडते आणि मग ते कामाला लागते. म्यानातील तलवारीच्या भरवशावर मी पहारा उठवला होता.

मग खरा पहारा कोणता? पहिला उपाय अ जीवनसत्त्वाचाही ॲसिटेट करणे. त्याने थोडे बळ येते, पण द्विबंध उघडेच राहतात. म्हणून दुसरा उपाय केला जातो, आणि माझ्या मते या सर्व विद्येतील तो सर्वांत देखणा आहे. जीवनसत्त्वाचे बारीक थेंब जिलेटीन व साखरेच्या पाकात घोटतात, त्यात प्रतिऑक्सिडीकारक घालतात आणि फवारून त्याचे रव्याहून बारीक मणी करतात. प्रत्येक मण्यात असंख्य थेंब आणि प्रत्येक थेंबाभोवती जिलेटीनची भिंत. नंतर मणी तापवले की जिलेटीन व साखर यांची परस्परक्रिया होते. भाकरीचा पापुद्रा भाजताना तांबूस होतो त्याच जातीची ही क्रिया. तिने भिंतीचे धागे एकमेकांस सांधले जातात आणि मणी पाण्यात विरघळेनासा होतो. गोळीपेंड करताना वाफ देतात, दाबतात, उष्णता सत्तर ते नव्वद अंशांपर्यंत जाते. तेथेही चांगला मणी बराचसा तग धरतो. पोटात पाचकरसांपुढे मात्र जिलेटीन हार मानते. सरांच्या दुसऱ्या नळीतील खोबरेलाचा थर आठवा. हा त्याचाच सुधारलेला अवतार.

या मण्यांत जाणारे जीवनसत्त्व येते कोठून, हेही थोडक्यात सांगतो. पूर्वी ते माशांच्या यकृताच्या तेलातून येई. दुसऱ्या महायुद्धात कॉडचे तेल येईनासे झाले तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचे तेल काढण्याचे उद्योग निघाले. असे तेल खाद्यात कालवले की ते तेथेच खवट होई आणि सोबतच्या ई जीवनसत्त्वालाही घेऊन जाई. १९४७ साली बाझेलच्या रोश कंपनीत ओटो इस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम अ जीवनसत्त्व घडवण्याची व्यवहार्य रीत शोधली. तिच्या मुळाशी असलेले आयोनोन सिट्रालपासून करता येते, आणि सिट्राल म्हणजे गवती चहाला वास देणारे द्रव्य. आपल्या परसातील नव्हे, पण त्याच कुळातील केरळच्या गवताचे तेल त्यासाठी वापरले जाई. रोशच्या ठाण्यातील कारखान्यात हे जीवनसत्त्व तयार होत असे. १९९३ साली रोशचा येथील व्यवसाय निकोलस पिरामलकडे गेला. आज जगाचा पुरवठा मोजक्या कारखान्यांवर अवलंबून आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये जर्मनीत लुडविग्सहाफेन येथे बीएएसएफच्या सिट्राल विभागात आग लागली आणि जगभर अ जीवनसत्त्वाची टंचाई झाली. जुलै २०२४ मधील तेथील आगीनंतर पुन्हा अ आणि ई यांचा पुरवठा अडला. इतक्या दुरून, इतक्या सायासाने आलेली वस्तू आपण गोठ्याच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवतो.

प्रतिऑक्सिडीकारकांविषयी एक सावधगिरीची गोष्ट. अनेक दशके या कामी एथॉक्सिक्विन हे द्रव्य सर्वांत गुणी मानले गेले. ते मूळचे रबराला भेगा पडू नयेत म्हणून वापरात आलेले. सुकवलेल्या मासळीची पूड जहाजाच्या तळघरात आपोआप तापून पेट घेऊ नये म्हणूनही ते घालत. परंतु त्यात अशुद्धी म्हणून राहू शकणाऱ्या पॅरा-फेनेटिडिनविषयी शंका निघाली, पुरेसा पुरावा पुढे आला नाही, आणि युरोपीय संघाने २०१७ साली त्याची परवानगी स्थगित केली व २०२२ साली ती नाकारली. बीएचटी, मिश्र टोकोफेरॉल, रोझमेरीचा अर्क हे पर्याय आहेत. नैसर्गिक म्हटले की निर्धोक आणि प्रभावी, असे मी मानत नाही. मात्रा आणि पुरावा पाहावा. सायट्रिक आम्लासारखी द्रव्ये तांबे-लोहाला धरून ठेवतात, त्यांचाही हातभार लागतो. ड जीवनसत्त्व तुलनेने धट्टे, पण खनिजांच्या सहवासात तेही झिजते. के कोंबड्यांना द्यावे लागते. गायीच्या पोटातील जिवाणू ते स्वतःच बनवतात, म्हणून त्याविषयी अधिक बोलत नाही.

आपल्या घरच्या कोंड्याविषयी मात्र बोलले पाहिजे. सुरय तांदळाच्या कोंड्यात एक विकर जिवंत असते. गिरणीतून निघाल्यापासून ते कोंड्यातील तेल फोडू लागते आणि थोड्याच दिवसांत उग्र वास येतो. उकड्याच्या कोंड्यातील ते विकर उकडताना मरते, म्हणून तो कोंडा चांगला, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. उकडण्यात कोंड्यातील नैसर्गिक राखणदार द्रव्येही कमी होतात आणि तेलाचा अंश अधिक असतो, त्यामुळे तो हवेने खवट होतो. दोन्ही कोंडे ताजेच वापरावेत. खवट कोंड्यात जीवनसत्त्वाची पूड मिसळणे म्हणजे पेटत्या गवतावर सुके गवत टाकणे होय.

पुष्कळ घरी गुरांना पेज शिजवून देतात आणि पूड त्या उकळत्या पेजेतच टाकतात. ती पेज निवल्यावर, गुरांच्या पुढ्यात ठेवताना घालावी. खनिजांची पूड आणि जीवनसत्त्वांची पूड एका डब्यात महिनाभर कालवून ठेवू नये. रोजच्या रोज एकत्र करावी. पोते गोव्यातले असो वा घाटावरचे, त्यावरचा तयार केल्याचा महिना पाहून घ्यावे, आणि पावसाळ्यात महिन्याभराहून अधिक साठा करू नये. पोते जमिनीवर नव्हे, फळीवर. भिंतीपासून वीतभर दूर. काढून झाले की तोंड आवळून बांधलेले. पूड पारदर्शक बरणीत खिडकीत ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. स्वच्छता चांगली, पण जागा चुकीची. आणि पूड जुनी झाली म्हणून दुप्पट घालण्याचा अंदाज कोणी करू नये. ही जीवनसत्त्वे यकृतात साठतात आणि अ व ड यांचा अतिरेक विषारी ठरतो.

ज्यांना पूड परवडत नाही त्यांच्यासाठी पानांत कॅरोटीन आहेच. उन्हाळ्यात शेवग्याचा, हादग्याचा पाला, कालव्याचे पाणी पोचते तेथे संकरित नेपिअर, हे ताजे कापून त्याच दिवशी घालावे. पाला सुकवायचाच तर सावलीत. पावसाळ्यात गवत जास्त झाले तर मुरघास करावा: हिरवा चारा कुट्टी करून, दाबून, हवा काढून, प्लास्टिकने झाकून बंद. त्यात कॅरोटीन पुष्कळ टिकते. ती खड्ड्याएवढी मोठी केलेली सरांची दुसरी नळीच आहे.

वासराविषयी शेवटी. अ जीवनसत्त्व गर्भाशयातून वासराकडे फारच थोडे उतरते. ते जन्मते तेव्हा त्याचे यकृत जवळजवळ रिकामे असते आणि पहिला साठा त्याला मिळतो तो चिकातून. आपल्याकडे गाय व्याली की शेजारीपाजारी खरवस वाटण्याची चाल आहे, आणि मला स्वतःला खरवस अतिशय आवडतो. तथापि उन्हाळ्यात, कोरड्या पेंढ्यावर राहिलेल्या गायीच्या चिकात मुळातच हे जीवनसत्त्व कमी असते. अशा वेळी पहिल्या दिवसाचा चीक सगळा वासराला पाजावा, आणि खरवस करायचाच तर वासराचे पोट भरल्यावर नंतरच्या दिवशी उरेल त्याचा करावा.